मित्राला पेपर दाखवावा का?



दिवाळीनंतर धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांच्या वर्गात आम्ही मैत्री हा विषय घेतला होता. दावीद आणि योनाथानाची गोष्ट सांगून झाली, आणि वर्ग सुटणार तोच दहावीतला एक मुलगा उभा राहिला. "फादर, माझं अन् माझ्या मित्राचं आडनाव एकच आहे. बोर्डाला त्याचा नंबर माझ्याच मागं येणार. तो म्हणतो, पेपर जरा सरकवून ठेव. नाही ठेवलास तर तू माझा दोस्त नाहीस. काय करू?" वर्गात हशा पिकला. तो मात्र हसत नव्हता.

'नाही म्हण' एवढे सांगून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण जळकोटच्या परिसरात राहणाऱ्या मुलाला या दोन शब्दांची काय किंमत पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर चढलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत थोरले भाऊ असतात, काका असतात, कधी वडीलही असतात. कॉपीविरोधी कायदा १९८२ सालीच झाला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात २०१० च्या परीक्षांच्या वेळी तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबविली. निकाल खाली आला, आणि पुष्कळांना पहिल्यांदा कळले की आपल्या मुलाला खरोखर किती येते. आपल्या लातूरचे नाव झाले ते अभ्यासाच्या कष्टांमुळे, सराव परीक्षांमुळे. आणि त्याच लातूरपर्यंत २०२४ साली नीट परीक्षेच्या गैरप्रकाराचा तपास येऊन पोहोचला. मोठ्यांच्या जगात हे चालत असताना पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने हरिश्चंद्र व्हावे, अशी अपेक्षा करताना आपण थोडे लाजले पाहिजे.

म्हणून आम्ही मुलांना आमचीच गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो.

आम्ही दहावीला होतो तेव्हा आमच्या बेंचवर एक जिवाभावाचा मित्र बसायचा. पोहायला आम्हाला त्यानेच शिकविले. आमच्या वडिलांच्या आजारपणात आमच्या घरची तूर कापायलाही तो आला होता. त्याचे आई-वडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि त्यालाही न्यायचे. पाचवीत आणि सहावीत त्याची निम्मी शाळा अशीच बुडाली, आणि अपूर्णांक कायमचे राहून गेले. सरांनी त्याला फळ्यापाशी उभे केले की आम्ही खालच्या आवाजात उत्तर सांगायचो. तो ते लिहायचा, सर पुढे जायचे. आमची ही युक्ती दोन वर्षे चालली. बोर्डाच्या गणिताच्या पेपरलाही आम्ही तेच केले. तो पास झाला आणि त्याच्या घरी पेढे वाटले गेले.

घरच्यांनी हौसेने त्याला अकरावी सायन्सला घातले. बारावीत तो दोनदा नापास झाला आणि शिक्षण सोडून दिले. पुष्कळ वर्षांनी, आम्ही धर्मगुरू झाल्यावर, तो उदगीरच्या बसस्थानकावर भेटला. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, संसार चांगला चालला आहे. चहा घेताना तो हसतच म्हणाला, "तू लेका पेपर दाखवलास, ते खरं. पण दोन वर्षं माझ्या शेजारी बसत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, की चल, तुला अपूर्णांक येत नाहीत, बसू दोघं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आले असते.

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने सांगितलेले मैत्रीचे तीन प्रकार आम्ही पाठ केले होते: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली, आणि मित्राचे भले त्याच्याचसाठी चिंतणारी. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले! पण स्वतःची मैत्री कुठल्या प्रकारात बसत होती, हे बसस्थानकावर कळले. ज्याला आम्ही निष्ठा म्हणत होतो तिच्यात भीतीचाच वाटा मोठा होता. 'तुला हे येत नाही' असे म्हटले तर तो दुखावेल, मग पोहायला कोणाबरोबर जायचे? पर्यवेक्षकाला फसविल्याचे आम्ही प्रायश्चित्त संस्कारात केव्हाच सांगून टाकले होते. मित्राला फसविल्याचे मात्र कधी सुचलेच नव्हते.

हे ऐकून मुले गप्प झाली. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "पण फादर, योनाथानानं तर दावीदासाठी वडिलांना खोटं सांगितलं. मग ते कसं चाललं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो आम्ही गोष्ट सांगताना सोयीस्करपणे गाळला होता. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दावीद लपून बसला आहे. तो कुठे आहे असे शौल राजा विचारतो, तेव्हा योनाथान सांगतो की तो घरच्या यज्ञासाठी बेथलेहेमला गेला आहे. ही थापच आहे. संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही कारणासाठी असत्याला मोकळीक दिली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्याच्या मदतीसाठी बोललेले खोटे कमी गंभीर मानले, पण निर्दोष मानले नाही. तेव्हा योनाथानाची थाप चांगली होती, असे आम्ही म्हणणार नाही.

पण तोच अध्याय नीट वाचावा. वडिलांच्या मनात घात असेल तर तुला कळविल्याशिवाय राहणार नाही, असा शब्द योनाथान दावीदाला देतो आणि तो पाळतो. त्या दोघांत एकमेकांशी खोटे नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात तर तो बापासमोर उभा राहून दावीद निर्दोष आहे हे उघड बोलतो. शेवटी शौल भाला फेकतो तो योनाथानावर. मित्रासाठी जे केले त्याची किंमत त्याने स्वतः मोजायची तयारी ठेवली होती. आम्ही पेपर दाखविला त्याची किंमत आमच्या मित्राने मोजली, तीही दोन वर्षांनी. मुलीला हे पटले की नाही कोण जाणे, ती म्हणाली, "घरी वाचून बघते."

मित्राची गोष्ट शिक्षकांना सांगावी का, असेही काही पालकांनी विचारले. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम दिला आहे: आधी त्याला एकट्याला गाठून सांगावे. चुगली यात बसत नाही. ती आपण चांगले ठरण्यासाठी केलेली असते. मात्र एक गोष्ट मुलांना घरी निक्षून सांगा. मित्राला कोणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तो नशेच्या नादी लागला असेल किंवा 'मला जगायचं नाही' असे बोलत असेल, तर 'कोणाला सांगू नको' हा शब्द पाळायचा नाही. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक आहे. मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. परीक्षेच्या काळात याची गरज लागू शकते.

आता त्या मुलाचे. आम्ही त्याला म्हटले, "बोर्ड फेब्रुवारीत आहे. मित्राला 'नाही' तेव्हा म्हणायचे आहे. आजच त्याला काय येत नाही ते विचार." त्याने विचारले. मित्र चिडला आणि चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणे त्याने स्वतःहून भूमितीचे पुस्तक मागून नेले. अभ्यासाला बसायला तो अजून आलेला नाही.

येत्या सोमवारपासून संध्याकाळी सात ते नऊ चर्चचा हॉल दहावी-बारावीच्या मुलांसाठी उघडा राहील. कुठल्याही घरची, कुठल्याही धर्माची मुले चालतील. जोडीने यावे. सतरंज्या आहेत, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. गणित आणि विज्ञान समजावून सांगू शकतील अशा आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी आज मिस्सानंतर आमच्याकडे नाव द्यावे. ज्यांचे आई-वडील यंदा तोडीला गेले आहेत, त्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाची सोय कोणकोणत्या घरी होऊ शकेल, तेही सांगावे. आतापर्यंत तीन घरांनी होकार दिला आहे.