लावलेली डिस्क काढ, मग झोप

आजपासून रात्रीची शिफ्ट तुझी. याद्या दिल्यात, पासवर्ड दिलेत. पण हँडओव्हरच्या कागदात न मावणाऱ्या चार गोष्टी राहिल्यात, त्या चहा पिता पिता ऐक.

आम्ही कामाला लागलो तेव्हा सर्व्हर बसवायचा म्हणजे सीडींचं पाकीट बॅगेत टाकून पुण्याहून महापेच्या डेटा सेंटरला निघायचं. गेटवर सामानाची नोंद, मग आत गार वाऱ्यात स्वेटर घालून रॅकसमोर उभं राहायचं. सीडीवर चरा निघाला की अख्खी फेरी वाया. आता तू घरच्या टेबलावरून आयएसओ फाइल लावतेस आणि तिकडच्या मशीनला वाटतं, कुणीतरी यूएसबीला सीडी ड्राइव्ह जोडली. ही किमया मदरबोर्डवरच्या छोट्या वेगळ्या संगणकाची, बीएमसीची. डेलमध्ये तो आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ. त्याचा प्रोसेसर वेगळा, आयपी वेगळा. मशीन बंद असलं तरी पॉवरची केबल लागलेली आहे तोवर तो जागाच असतो. म्हणून तर ऑपरेटिंग सिस्टिम पार झोपली तरी आपल्याला काही करता येतं.

फाइल लावायच्या आधी मशीन कुठलं ते बघ. हसू नकोस. ब्राउझरमध्ये सहा कन्सोल उघडे असतात, सगळ्यांचे चेहरे सारखे, आणि रात्री तीनला डोळे दगा देतात. बीएमसीच्या पहिल्या पानावर सीरियल नंबर असतो, डेलमध्ये सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग. तो आपल्या यादीशी ताडून बघ, मोठ्याने वाचून. मशीन चालू असेल तर आतून ‘डीएमआयडीकोड’ने तोच नंबर काढ. दोन्ही जुळले की मगच माउस हलव. आयपीवर विसंबू नकोस, कुणीतरी कधीतरी बदलून ठेवलेला असतो आणि यादीत लिहायचं राहून गेलेलं असतं.

दुसरं, फाइल आहे कुठे याचा विचार कर. तू लॅपटॉपवरून लावतेस तेव्हा ती फाइल तिकडे जात नाही, लॅपटॉपवरच राहते. मशीनला लागेल तो तुकडा दरवेळी व्हीपीएनवरून मागवला जातो. लॅपटॉप झोपला, टॅब बंद झाला, घरची लाइट गेली, की मशीनच्या दृष्टीने कुणीतरी डिस्क ओढून काढली. इन्स्टॉल निम्म्यात अडकतं. हिशोब करून बघ. दहा जीबीची डीव्हीडी, घरचा अपलोड दहा एमबीपीएस, पूर्ण वाचायची तर सव्वादोन तास, तेही सगळं सुरळीत चाललं तर. आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात, कारण ड्राइव्ह बारीक बारीक तुकडे मागते आणि प्रत्येक तुकड्यासाठी जाऊन-येऊन वाट बघते. लाइन कितीही जाड असली तरी अंतर नडतंच.

म्हणून त्याच डेटा सेंटरमध्ये आपलं एक छोटं लिनक्स मशीन ठेवलंय. फाइल एकदाच त्यावर चढव, चेकसम जुळतो का बघ आणि बीएमसीला तिथूनच एनएफएस किंवा एचटीटीपीने लावायला सांग. मग तुझा लॅपटॉप बंद पडला तरी काम चालू राहतं. तीही सोय नसेल तर छोटी फाइल घे. डेबियनची नेटइन्स्ट पूर्ण डीव्हीडीच्या मानाने फारच लहान, आयपीएक्सईची तर जेमतेम एक-दोन एमबीची. त्यावरून बूट करायचं आणि बाकीची पॅकेजेस शेजारच्या रॅकमधून गिगाबिटने ओढायची. रेस्क्यू डिस्क लावशील तेव्हा बूटच्या ओळीत मेमरीत कॉपी करण्याचा पर्याय दे, सिस्टमरेस्क्यूमध्ये ‘कॉपीटूरॅम’, डेबियन लाइव्हमध्ये ‘टूरॅम’. सुरुवातीला वेळ खातो, पण एकदा सगळं रॅममध्ये गेलं की डिस्क काढून टाकता येते. मग लाइन तुटली तरी मशीन उभं राहतं.

आता हे नीट ऐक. यासाठीच बसवलंय तुला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी हिशोबाचा सर्व्हर मी असाच दूरवरून बसवला. किकस्टार्टची आयएसओ स्वतः तयार केली होती. काही न विचारता सगळ्या डिस्क पुसायच्या, नवी विभागणी करायची, सिस्टिम टाकायची, असं तिच्यात लिहिलेलं. बूट ऑर्डरमध्ये सीडी वर घेतली, ती कायमची. इन्स्टॉल झालं, तेवढ्यापुरती हाताने डिस्क निवडली, मशीन वर आलं, मी मेल टाकला आणि झोपलो. आयएसओ शेअरवरून लागलेली तशीच राहिली. पुढे तीन आठवडे त्या मशीनवर लोकांनी रोजचं काम केलं. महिनाअखेरीला पॅच लावून मी ते रिबूट केलं आणि कन्सोलवर लॉगिनची वाट बघत बसलो. लॉगिन आलंच नाही. काळ्या पडद्यावर पॅकेजेसची नावं एकामागून एक सरकत होती. पहिली दहा-बारा सेकंद मला कळेना की हे काय चाललंय. कळलं तेव्हा पॉवर बंद केली, पण पार्टिशन टेबल गेलेलं होतं. आदल्या रात्रीची टेप होती म्हणून वाचलो. तरी त्या दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. तिथल्या दोन क्लार्क बाईंनी व्हाउचर्सचे गठ्ठे पुन्हा काढून सगळं नव्याने भरलं. मी पूर्ण वेळ शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. बूट ऑर्डरमधला तो चुकीचा एक टिकमार्क मला अजून आठवतो.

तेव्हापासूनची रीत अशी, आणि ती मोडू नकोस. सीडीवरून बूट करायचं ते फक्त एका खेपेसाठी. आयड्रॅक, आयएलओ, आयपीएमआयटूल, सगळ्यांत तशी सोय आहे. बूट ऑर्डरला हात लावायचाच नाही. काम झालं की डिस्क काढायची, ‘व्हर्च्युअल मीडिया’चं पान रिफ्रेश करून रिकामं दिसतंय का बघायचं आणि मशीन एकदा आपल्या डिस्कवरून उठवून दाखवायचं. हे सगळं झाल्यावर तिकीट बंद, आधी नाही. आणि आपोआप पुसणाऱ्या आयएसओच्या नावातच ‘पुसते’ असं लिहून ठेवलंय मी, शेअरवर दिसेल तुला.

जाता जाता डिस्कच्या नावांचं. व्हर्च्युअल ड्राइव्ह जोडलेली असली की कधीकधी तीच ‘एसडीए’ होऊन बसते आणि खरी डिस्क ‘एसडीबी’ होते. स्क्रिप्टमध्ये ही नावं घालू नकोस, ‘बाय-आयडी’ वापर. ड्राइव्ह अडकली, निघेना, तर बीएमसी रिसेट कर. चालू मशीनला धक्का लागत नाही. फक्त तो पर्याय आणि पॉवर सायकल यांत गफलत करू नकोस.

बीएमसी इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, कुणी कितीही घाईत सांगितलं तरी. २०१९ मध्ये सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांच्या व्हर्च्युअल मीडियातच दोष सापडला, ६२३ नंबरच्या पोर्टवर. बाहेरच्या माणसाला लांबून स्वतःची यूएसबी जोडता येत होती. तेव्हा इंटरनेटवर असे सुमारे ४७ हजार बीएमसी उघडे दिसले होते. आपले सगळे वेगळ्या व्हीएलएएनमध्ये आहेत, तिथेच राहू देत. नवीन मशीन आलं की कंपनीचा पासवर्ड त्याच दिवशी बदल. जुन्या डेलचा ‘रूट’ आणि ‘कॅल्व्हिन’ शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

एक राहिलं. आपल्याकडे तीन म्हातारी मशीन्स आहेत, त्यांचा कन्सोल जावाशिवाय उघडत नाही. २०१८ मध्ये जावा ११ आलं आणि वेब स्टार्ट त्यातून गेलं, त्यामुळे तुझ्या नव्या लॅपटॉपवर ते चालायचं नाही. त्यासाठी जावा ८ घातलेला एक जुना लॅपटॉप माझ्या कपाटात खालच्या खणात ठेवलाय, चार्जरसकट. इंटरनेटला जोडू नकोस. महिन्यातून एकदा चालू करून तिन्ही कन्सोल उघडतात का बघ. बॅटरी गेलीये त्याची, तेव्हा प्लग घट्ट बसव.