पिचकारीच्या फुलांचे रासायनिक परीक्षण

न उमललेल्या कळीचे टोक मोडून ती दाबली की पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून मुलांनी या झाडाला पिचकारी म्हटले. शास्त्रीय नाव स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा. आफ्रिकेच्या उष्ण कटिबंधातील हे झाड शोभेसाठी जगभर नेले गेले. वाऱ्यावर तरंगणाऱ्या पंखधारी बिया आणि मुळांतून फुटणारे धुमारे यांच्या बळावर ते हवाई, फिजी, क्वीन्सलंड येथील रानांत घुसले. जगातील 100 अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे.

आमच्या आस्थेचा विषय मात्र त्याचे फूल. मूळ प्रदेशात त्यावर पक्षी मध प्यायला येतात. ब्राझीलमध्ये याच फुलांत मेलेल्या डंखरहित मधमाश्या आढळल्याच्या नोंदी आहेत. असे असता 'या फुलांत औषधी द्रव्ये सापडली' एवढे वाचून पालकांनी काढा उकळायला घेऊ नये, यासाठी त्या 'सापडण्या'चा अर्थ येथे मांडतो.

पाकळ्या सावलीत वाळवून, भुकटी करून अल्कोहोलमध्ये भिजवल्या की अर्क मिळतो. त्यात मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा व संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर लाल रंग आला, तर फ्लॅव्होनॉइड असल्याचे मानतात. (हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.) परंतु लाल फुलांतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य नुसत्या आम्लानेही लालभडक होते! म्हणून शेजारी मॅग्नेशियमविरहित दुसरी परीक्षानळी हवीच. दोन्ही सारख्याच लाल झाल्या, तर त्या रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. फेरिक क्लोराइडने येणारा हिरवा वा निळसर काळा रंग फेनॉल गटाची चाहूल देतो. तसा तो चहाच्या पाण्यातही येतो. मेयरच्या अभिकारकाने पडणारा पांढुरका अवक्षेप अल्कलॉइडचा समजतात, पण प्रथिनेही तसाच अवक्षेप देतात. अर्क आधी अल्कधर्मी करून सेंद्रिय द्रावकात ओढून घेतला, तर प्रथिने बहुतांशी मागे राहतात. अनेक प्रकल्पवह्यांतून नेमकी हीच पायरी गाळलेली दिसते, आणि तक्त्यात अधिकचे चिन्ह मात्र ठळक असते.

शिवाय हे चिन्ह गट सांगते. कोणते संयुग, किती प्रमाणात, हे सांगत नाही. मोठ्या प्रयोगशाळेतील वायू वर्णलेखन यंत्रालाही मर्यादा आहे. वाफ होऊ शकणारी संयुगेच ते पाहते; अँथोसायनिनसारखी संयुगे त्यातून सुटतात व त्यांसाठी द्रव वर्णलेखन लागते. यंत्राने संग्रहातून जुळवलेले नाव हाही अंदाजच, शुद्ध नमुन्याशी ताडून पाहिल्यावाचून तो पक्का होत नाही.

मधमाश्यांच्या मृत्यूचे कारण शोधायचे तर पाकळ्यांचा अर्क फारसा उपयोगी नाही. माश्या पाकळ्या खात नाहीत. मध, पराग आणि कळीतला चिकट द्रव यांचे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतील. प्रत्येक नमुना साखरेच्या पाण्यातून काही माश्यांना द्यावा आणि तितक्याच माश्यांना निव्वळ साखरेचे पाणी, तेव्हा कुठे दोष कोणाचा ते कळेल. मधात विष असेल, तर ते मधचोर कीटकांना दूर ठेवून पक्ष्यांसाठी मध राखण्याची झाडाची युक्ती असावी, असा तर्क आहे. तो आम्हांला पटण्याजोगा वाटतो, पण तर्कच.

आवारातले जुने झाड तोडा, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या शेंगा फुटण्यापूर्वी उतरवाव्यात. नवे लावायचे असेल, तर लाल फुलांचा पांगारा आहे, पळस आहे, काटेसावर आहे.