कोरे आणि शून्य : मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी एक धडा

परीक्षेच्या निकालपत्रकात एका विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य असते आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा असतो. दोघेही अनुत्तीर्ण, परंतु दोघांची गोष्ट एक नव्हे. पहिला परीक्षेला बसला, त्याची उत्तरपत्रिका तपासली गेली आणि गुण मिळाले नाहीत. दुसऱ्याची उत्तरपत्रिकाच अस्तित्वात नाही. वर्गाची सरासरी काढताना पहिल्याला धरलेच पाहिजे, दुसऱ्याला धरता येत नाही. हा फरक आपणा सर्वांना न शिकवता कळतो. संगणकाला मात्र तो सांगावा लागतो. आणि न सांगितल्यास तो कसलीही सूचना न देता गैरहजराला शून्य गुण देऊन मोकळा होतो.

अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांच्या प्रकल्पांसाठी आता कला शाखेतील विद्यार्थ्यांनाही एक्सेलमध्ये माहिती भरावी लागते. पुष्कळजण त्यापुढे जाऊन मॅक्रो लिहू लागले आहेत. मॅक्रो म्हणजे पुन्हा पुन्हा करावयाच्या कामाची संगणकाला दिलेली लेखी आज्ञावली. एक्सेलमध्ये ती व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स या भाषेत लिहितात. १९९३ पासून ही भाषा एक्सेलबरोबर आहे. या भाषेत 'काहीच नाही' हे सांगण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आज्ञांचे शब्द संगणकावर रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

एक वही, तीन सरासऱ्या

उदाहरण आपल्या परिसरातलेच घेऊ. मुरबे हे खाडीच्या अलीकडचे मासेमारीचे गाव, पलीकडे सातपाटी. समजा, मुरब्याच्या एका नाखव्याच्या वहीवरून आपण दहा दिवसांची आवक किलोमध्ये उतरवून घेतली. पहिल्या दिवशी ४०, दुसऱ्या दिवशी ३५. तिसऱ्या दिवशी बोट गेली, पण जाळ्यात काही आले नाही, म्हणून ०. चौथा आणि पाचवा दिवस भांगाचे. पाण्याला ओढ नाही, डोल लावून उपयोग नाही, म्हणून बोट बंदरातच राहिली आणि वहीत जागा कोरी राहिली. सहाव्या दिवशी ५०, सातव्या दिवशी पुन्हा ०, आठव्या दिवशी ४५. नवव्या दिवशी बोट गेली, मासळीही विकली गेली, पण गडबडीत नोंद राहून गेली, जागा कोरी. दहाव्या दिवशी ३०.

बेरीज २०० किलो. तिच्याविषयी वाद नाही. आता दर फेरीची सरासरी काढा. दहाही घरे मोजून भागल्यास उत्तर येते २०. कोरी तीन घरे सोडून सातांनी भागल्यास येते सुमारे २८.६. आणि शून्याची दोन घरेही सोडून पाचांनी भागल्यास येते ४०. वही एक, बेरीज एक, आणि उत्तरे तीन. सर्वांत मोठे सर्वांत लहानाच्या दुप्पट!

योग्य उत्तर कोणते? बोट आठ वेळा गेली. त्यांपैकी सात फेऱ्यांची नोंद आहे. म्हणून '२८.६ किलो, सात नोंदलेल्या फेऱ्यांवरून. एका फेरीची नोंद उपलब्ध नाही' हे प्रामाणिक उत्तर झाले. २० या उत्तरात न गेलेल्या दिवसांचे खापर समुद्रावर फोडले जाते. ४० या उत्तरात रिकाम्या जाळ्यांचे दिवस पुसले जातात, म्हणजे डिझेल जाळून, खलाशांची मजुरी देऊन हात हलवीत परतण्याचे दिवसच नाहीसे होतात.

हा प्रश्न केवळ प्रकल्पाच्या गुणांचा नाही. मत्स्यदुष्काळाची मदत मागायची असो, की एखाद्या मोठ्या प्रकल्पामुळे मासेमारीचे किती नुकसान होईल याचा अंदाज बांधायचा असो, आधीच्या वर्षांची सरासरी पुढे ठेवावी लागते. आपल्या जिल्ह्यात वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा वेळी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाच्या आकडेवारीला मोल येते. सरासरी २० धरली तर नुकसान कमी दिसेल, ४० धरली तर मासळीचा तुटवडा दिसणारच नाही. त्यातच १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांची घरे कोरी ठेवायची, की त्यांत शून्य भरायचे, की ती गणनेतूनच काढायची, हे न ठरवता काढलेली वार्षिक सरासरी निरर्थक होय.

मॅक्रो काय करतो?

या तीनही सरासऱ्या मॅक्रोतून सहज निघतात, आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. प्रत्येक घर घे, बेरजेत मिळव, संख्या एकाने वाढव, एवढेच लिहिल्यास कोरे घर शून्य म्हणून मिळवले जाते व मोजलेही जाते, उत्तर २०. कोरे घर वगळावे म्हणून 'किंमत शून्य असेल तर पुढे जा' असे लिहिल्यास कोऱ्याबरोबर खरी शून्येही वगळली जातात, उत्तर ४०. कारण या भाषेत कोऱ्या घराची किंमत 'एम्प्टी' असते, आणि एम्प्टी शून्याइतके आहे काय असे विचारल्यास संगणक 'होय' म्हणतो. गंमत अशी की एम्प्टी रिकाम्या अक्षरमालेइतके आहे काय असे विचारल्यासही तो 'होय'च म्हणतो. हा अंकात अंक आणि अक्षरात अक्षर होणारा प्राणी आहे. त्याला ओळखण्याचा खात्रीचा प्रश्न एकच : 'इझएम्प्टी'. घर खरोखर कोरे असेल तरच त्याचे उत्तर होकारार्थी येते. हा प्रश्न विचारून लिहिलेला मॅक्रो २८.६ हे उत्तर देतो. एक्सेलचे स्वतःचे सरासरीचे सूत्रही कोरी घरे सोडते आणि शून्ये धरते.

येथे एक सावधगिरी हवी. 'इझन्यूमेरिक', म्हणजे 'हा अंक आहे काय', हा प्रश्न कोऱ्या घराला विचारला तर उत्तर 'होय' येते. तेव्हा केवळ त्याच्या भरवशावर कोरी घरे गाळता येणार नाहीत.

चल आणि त्याची आरंभीची किंमत

आज्ञावलीत किंमत साठवण्यासाठी जी नावे वापरतो त्यांना व्हेरिएबल किंवा चल म्हणतात. चल जाहीर केला, पण त्यात अद्याप काही घातले नाही, तर त्यात काय असते? काही भाषांत तेथे स्मृतीत उरलेला जुना कचरा असू शकतो. आपली भाषा त्या मानाने दयाळू आहे. ती प्रत्येक जातीच्या चलाला ठरावीक आरंभीची किंमत देते. इंटिजर, लाँग, डबल या अंकांच्या जातींना शून्य. स्ट्रिंगला लांबी नसलेली अक्षरमाला. बूलियनला 'फॉल्स', म्हणजे 'नाही'. डेट या जातीलाही शून्यच. आणि तिच्या लेखी शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९ ची मध्यरात्र. वस्तुवाचक चलाला 'नथिंग'. आणि जात न सांगितलेल्या किंवा व्हेरियंट जातीच्या चलाला 'एम्प्टी'.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कोऱ्या घराची किंमत आपण सरळ लाँग किंवा डबल जातीच्या चलात घेतली की ती तत्क्षणी शून्य होते. मागाहून त्या चलाला इझएम्प्टी विचारून उपयोग नाही. उत्तर नेहमी नकारार्थीच येईल. म्हणून किंमत आधी व्हेरियंटमध्ये घ्यावी, प्रश्न विचारावा, आणि मगच तिला अंक करावे.

दयाळूपणाचेही तोटे असतात. दहा फेऱ्यांतील सर्वांत कमी आवक शोधायची आहे. 'किमान' नावाचा चल घेतला आणि प्रत्येक आकडा त्याहून लहान असेल तर त्यात घालावयास सांगितले. किमान आरंभीच शून्य आहे. चाळीस, पस्तीस, तीस यांपैकी कोणीच शून्याहून लहान नाही. एकही फेरी रिकामी गेली नसली तरी उत्तर शून्यच राहते. उलट, सर्व फेऱ्या तोट्यात गेल्या असतील आणि आपण 'सर्वांत चांगली फेरी' शोधत असू, तर उणे आकड्यांपेक्षा आरंभीचे शून्य मोठे ठरते आणि कागदावर 'ना नफा ना तोटा' अशी फेरी दिसते, जी कधी झालीच नाही. उपाय साधा आहे : यादीतील पहिला खरा आकडा आरंभीची किंमत म्हणून द्यावा.

नेहमीचे खड्डे

पहिला खड्डा शुद्धलेखनाचा. 'एकूण' हा शब्द रोमन लिपीत लिहिताना एका ओळीत 'यू' लिहिला आणि दुसऱ्या ओळीत दोन 'ओ' लिहिले, तर संगणक तक्रार करीत नाही; तो दुसऱ्या नावाचा नवा, रिकामा चल निर्माण करतो. बेरीज एका नावात साठते आणि छापले जाते दुसरे. भागाकारात अशी चूक ओरडते, कारण शून्याने भागता येत नाही. बेरजेत ती गप्प बसते. आज्ञावलीच्या अगदी वर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' हे दोन शब्द लिहिल्यास जाहीर न केलेले प्रत्येक नाव संगणक अडवतो. मराठी शब्दांचे रोमनीकरण करून नावे ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे दोन शब्द अनिवार्यच समजावेत.

दुसरा खड्डा जाहीर करण्याच्या ओळीत आहे. 'डिम बेरीज, संख्या ॲज लाँग' असे लिहिल्यास दोन्ही चल लाँग झाले असे वाटते. प्रत्यक्षात केवळ 'संख्या' लाँग होतो. 'बेरीज' व्हेरियंटच राहतो. प्रत्येकापुढे जात स्वतंत्र लिहावी लागते.

तिसरा खड्डा सर्वांत फसवा. आवर्तनाच्या आत 'डिम' लिहिले म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चल नव्याने रिकामा होतो अशी समजूत असते. तसे होत नाही. समजा, पन्नास बोटींची यादी आहे आणि घर भरलेले असेल तरच त्यातील आकडा 'आवक' या चलात घ्या असे लिहिले आहे. बाराव्या बोटीचे घर कोरे निघाले की चलात अकराव्या बोटीचाच आकडा उरतो आणि तो बाराव्या बोटीच्या नावावर जमा होतो! म्हणून प्रत्येक फेऱ्याच्या आरंभी चल स्वतः रिकामा करावा.

चौथा खड्डा दिसण्याचा. पुष्कळजण नको असलेला आकडा पुसण्यासाठी स्पेसबारची कळ दाबतात. घर कोरे दिसते, पण त्यात एक अदृश्य अक्षर असते. इझएम्प्टी म्हणते, 'हे कोरे नाही'. सूत्राने रिकामी अक्षरमाला दिलेले घरही तसेच. ते दिसते कोरे, पण त्यात सूत्र असते. अशा घरात एक मिळवा म्हटले की चूक येते. येथे 'ट्रिम' ही आज्ञा वापरून कडेच्या मोकळ्या जागा छाटाव्यात आणि उरलेल्या मजकुराची लांबी शून्य आहे काय ते पाहावे. याच्या उलट, एका घरात दुसऱ्या कोऱ्या घराचा केवळ संदर्भ दिला तर तेथे ० उमटतो; कोऱ्याचे शून्य होण्याची ही मॅक्रोशिवायची वाट.

उरलेली दोन रूपे थोडक्यात पाहू. 'नल' म्हणजे 'किंमत माहीत नाही'. ते मुख्यतः माहितीसंचयांतून येते. नलमध्ये एक मिळवला तर उत्तर नलच, आणि नलची नलशी तुलना केली तरी उत्तर नलच. अज्ञाताविषयी हे बोलणे तर्कशुद्धच आहे. 'नथिंग' म्हणजे चलाला अद्याप कोणतीही वस्तू जोडलेली नाही. यादीत एखादी बोट शोधली आणि सापडली नाही तर शोधाची आज्ञा नथिंग देते. ते न तपासता पुढे गेल्यास चूक क्रमांक ९१ येऊन काम थांबते.

अभावाचा विचार

हा विषय यंत्रशास्त्राचा असला तरी आपल्याला परका नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले; म्हणजे शून्याला संख्यांच्या पंक्तीत बसविले. दुसरीकडे न्याय-वैशेषिक परंपरेने 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार केले. त्यांतील प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तिचा अभाव, आणि प्रध्वंसाभाव म्हणजे ती नष्ट झाल्यानंतरचा. किंमत न दिलेला चल हे प्रागभावाचे उदाहरण म्हणता येईल, आणि पुसलेले घर प्रध्वंसाभावाचे. एक्सेलला मात्र या दोहोंतील भेद कळत नाही. कधीच न भरलेले आणि भरून पुसलेले अशी दोन्ही घरे त्याला एम्प्टीच दिसतात. चौथ्या दिवशी बोट गेली नाही आणि नवव्या दिवशी नोंद राहिली, हाही भेद त्याला दिसत नाही. जेथे यंत्राचे ज्ञान संपते तेथे नोंद करणाऱ्याचे कर्तव्य सुरू होते.

व्यवहारासाठी काही नियम

१. आज्ञावलीच्या आरंभी 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहावे आणि प्रत्येक चलाची जात स्वतंत्र सांगावी.
२. बेरीज, किमान, कमाल यांना आरंभीची किंमत स्वतः विचारपूर्वक द्यावी. आवर्तनात ज्या चलात प्रत्येक घराचा आकडा घेतला जातो, तो मात्र प्रत्येक फेऱ्याच्या आरंभी रिकामा करावा.
३. घराची किंमत आधी व्हेरियंटमध्ये घ्यावी. कोरेपणा इझएम्प्टीने ओळखावा, शून्याशी तुलना करून नव्हे.
४. पत्रकात आकड्याच्या शेजारी 'कारण' असा रकाना ठेवावा : 'गेली नाही', 'बंदी', 'नोंद नाही'. शून्य केवळ गेलेल्या आणि रिकाम्या परतलेल्या फेरीसाठी राखून ठेवावे.
५. सरासरी देताना ती किती नोंदींवरून काढली आणि किती घरे कोरी होती हे त्याच ओळीत लिहावे.

या पाच नियमांपैकी पहिले तीन संगणकाशी, शेवटचे दोन माणसांशी संबंधित आहेत. आपल्या प्रकल्पाचा अहवाल वाचणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला 'सरासरी किती?' एवढेच न विचारता 'कोऱ्या घरांचे काय केले?' हेही अवश्य विचारावे, अशी नम्र सूचना आहे. नाखव्याने पहाटे रिकामे जाळे ओढून वहीत जे शून्य लिहिले, ते त्याच्या श्रमाची नोंद आहे. ते पुसले जाऊ नये, आणि त्याने न लिहिलेले शून्य त्याच्या नावावर लागू नये.