मागं बसणारीचं डोकं

ताईंनो, गावात डेंग्यू आला की आपण रांजण, टायर, कुंड्यांतलं पाणी ओतून देतो. नशिबात होतं म्हणून गप्प बसत नाही. रस्त्यावर कुणी गेलं की मात्र लगेच नशीब! 2022 साली आपल्या राज्यात रस्ते अपघातांत 15,224 माणसं गेली. त्याचीही कारणं असतात, म्हणून यावेळी आरोग्याच्या पाठात हाच विषय.

आपण बायका गाडी चालवतो कमी, मागं बसतो जास्त. नेकनूरच्या बाजाराला, दवाखान्याला, माहेराला. आणि समज असा की मार पुढच्याला लागतो. 3 जून 2014 आठवा. दिल्लीत गोपीनाथराव मुंडे साहेबांच्या मोटारीला दुसरी मोटार धडकली. साहेब मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. पुढं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीच सांगितलं की मागचा पट्टा शोभेचा असतो, या गैरसमजापायी आपण मित्र गमावला.

मोटारसायकलला तर पट्टाच नाही. धडक बसली की मागची उडते आणि डोकं डांबरावर आपटतं. म्हणून कायद्यानं हेल्मेट दोघांनाही आहे, चार वर्षांवरच्या लेकरालाही. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला नसेल तर हेल्मेट आधी उडून जातं, मग डोकं आपटतं.

दुसरं, साडी. मागच्या चाकाला साडीगार्ड असावं असा नियमच आहे. पोरं 'गाडी चांगली दिसत नाही' म्हणून काढून टाकतात! ते परत बसवून घ्या, पदर कमरेला खोचा.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याला निघणाऱ्या ताईंनी ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर आहे का ते बघूनच चढावं. नसेल तर मुकादमाला गाडी हलायच्या आत सांगा. अंधारात उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही.

अपघात दिसला तर 108 लावा. पोलिसांच्या भीतीनं लोक बघत उभे राहतात. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय: मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. जखमीची मान वाकडी करून रिक्षात कोंबू नका, पाणीही पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

गटातून मोटारसायकलसाठी कर्ज मागणारीच्या अर्जात आता दोन हेल्मेटची रक्कमही धरा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं: घरात गाड्या किती, हेल्मेट किती. सचिव ताईंनी वहीत लिहून ठेवावं, मी आले की बघेन.