जुन्या लाकडाच्या वखारीचे कानमंत्र

पोरांनो, बचत गटाच्या जोरावर जुन्या लाकडाची वखार काढताय, चांगलं आहे. माझी हयात रंध्यावर गेली. त्या जोरावर चार गोष्टी सांगतो, गाठीला बांधा.

उचलण्याचा आकार घ्या. लाकूड फुकट मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका. राडारोडा हलवायला बिल्डर टेम्पोवाल्याला पैसे मोजतोच. तुम्ही त्याहून स्वस्तात उचला, पण दर आधी ठरवा. इंग्लंडात ब्रायटनला रिचर्ड मेहमेद यांनी १९९८ साली असाच उद्योग काढला आणि २००३ पासून त्याचं देशभर जाळं विणलं. तिथेही लाकूड उचलण्याचे पैसे घेतात आणि विकण्याचेही. नुसत्या विक्रीवर टेम्पोचं डिझेलसुद्धा सुटत नाही.

आधी निवड, मग करवत. माल उतरला की त्याच दिवशी वेगळा करा. तुळया, चौकटी, लांब फळ्या जशाच्या तशा विका. कमी मेहनतीत जास्त पैसे तिथेच. आखूड पण चांगल्या तुकड्यांचे पाट, स्टूल, मांडण्या करा. उरलेलं कोरं लाकूड सरपणाला. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत लांब फळीला करवत लावू नका.

लाकूड ओळखा. वाड्याच्या तुळईवर धुरानं काजळी चढलेली असते. कोपऱ्यात एकदा रंधा फिरवा. आतून सोनेरी तपकिरी रंग निघाला, बोटाला तेलकट लागलं आणि उग्र वास सुटला, की साग समजा. माल वाहायच्या लाकडी पॅलेटी आल्या, तर त्यांवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं. ते खुशाल घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरातल्या वस्तूंना वापरू नका.

खिळा काढल्याशिवाय यंत्र चालवू नका. फळीवरून लोहचुंबक फिरवा. वाकलेलं टोक सरळ करा, मागून ठोका, डोकं वर आलं की पक्कड लावा. पक्कडीखाली पातळ पट्टी ठेवली, तर लाकडाला खड्डा पडत नाही. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं वाया घालवतो आणि डोळाही घालवू शकतो. चष्मा लावूनच काम.

कीड दाराबाहेर. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर आत भुंगा आहे. ते लाकूड वखारीत आणूच नका, शेजारचा माल धरेल. चांगला मालही विटांवर उचलून रचा, दोन थरांमध्ये पट्ट्या घाला. जमिनीला टेकला की वाळवी आलीच.

रंगीत लाकूड चुलीत नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते जाळू नका, कोरडं घासूही नका. प्लाय आणि एमडीएफ यांच्या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं, तेही सरपणात घालू नका.

माणसं घडवा. ज्यांना कुणी कामावर घेत नाही, अशांना हाताशी धरून शिकवणं हा ब्रायटनच्या उद्योगाचा मूळ हेतू. तुम्हीही नवख्याच्या हाती लगेच यंत्र देऊ नका. आधी निवडीवर ठेवा. लाकूड हाताळताना त्याची नजर तयार होईल. आणि आठवड्याची मजुरी आठवड्याला द्या, विक्री झालेली असो वा नसो. मजुरी थकवून चालवलेल्या वखारीला समाजकार्य म्हणू नये.