बिनसाखरेचे शेंगदाणा-तिळाचे लाडू

उन्हाळी भुईमुगाची काढणी मे-जूनमध्ये होते, खरिपाच्या शेंगा दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतात, आणि पौषात संक्रांत येते. या तिन्ही वेळी खेड्यातील स्वयंपाकघरात दाणे व तीळ भाजले जातात आणि त्यांच्यात गूळ पडतो. दाणे व तीळ हे दोन्ही उत्तम अन्न होय. परंतु घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास मधुमेह असल्यास हा खाऊ त्याच्यापुढे ठेवावा किंवा कसे, असा प्रश्न पडतो. बहुधा दोहोंपैकी एक घडते. एक तर त्या माणसास सणाच्या दिवशीही काही दिले जात नाही. नाही तर ‘गुळाचे आहे, साखरेचे नाही’ असे म्हणून दोन-तीन वड्या दिल्या जातात. यांतील दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

मधुमेह हा केवळ शहरांचा रोग राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात प्रौढांपैकी शेकडा ८·९ जणांस हा विकार आढळला. शहरी भागात हे प्रमाण शेकडा १६·४ होते. सबब ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना व अंगणवाडी सेविकांना या विषयाची माहिती असणे इष्ट आहे.

गूळ, मध आणि खजूर

गुळाविषयीचा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात हे खरे; परंतु त्याच्या वजनापैकी शेकडा ६५ ते ८५ भाग साखरच असते. रक्तातील साखर वाढविण्याच्या बाबतीत गूळ व साखर यांत मधुमेही माणसाने फरक मानण्याचे कारण नाही. काकवी व मध यांनाही हेच लागू आहे.

खजूर हे फळ असल्यामुळे त्याच्याविषयी लोकांचे मत अधिकच उदार असते. खजुरात तंतुमय भाग असतो व साखरेपेक्षा तो निश्चितच बरा. तथापि बी काढलेल्या खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. म्हणून खजूर घालून केलेल्या लाडवास ‘वरून साखर किंवा गूळ न घातलेला’ म्हणता येईल, ‘साखर नसलेला’ म्हणता येणार नाही. खाली दोन प्रकार दिले आहेत ते याच कारणाने. पहिला थोडा खजूर घालून करावयाचा असून तो मुलांसाठी व निरोगी माणसांसाठी आहे. दुसरा खजुराशिवाय करावयाचा असून तो मधुमेही माणसांसाठी आहे.

पाकाशिवाय लाडू कसा बांधला जातो

चिक्की कडक होते ती दाण्यांमुळे नव्हे, पाकामुळे. गूळ वितळवून उकळत ठेवला म्हणजे त्यातील पाणी उडून जाते. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर तो कट्कन तुटू लागला की पाक झाला असे समजतात. असा पाक थिजल्यावर काचेसारखा घट्ट होतो व दाण्यांना धरून ठेवतो. साखरेवाचून हा गुण येत नाही. तेव्हा साखर व गूळ वर्ज्य करून चिक्कीसारखी कुरकुरीत वडी करण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ होय. त्यात दाणेही वाया जातात.

मात्र दाण्यांच्या अंगीच दुसरे एक साधन असते. शेंगदाण्यात शेकडा ४० ते ५० भाग तेल असते, आणि तिळातही जवळजवळ तितकेच. दाणे नीट भाजून ते कोमट असतानाच कुटले, तर प्रथम कूट होतो. आणखी कुटल्यावर कुटाचे कण एकमेकांस चिकटू लागतात, आणि शेवटी तेल सुटून मऊ गोळा तयार होतो. हा गोळाच बांधणीचे काम करतो. कूट तयार झाल्यावर कुटणे थांबवावयाचे नाही, एवढेच लक्षात ठेवावयाचे आहे. बहुतेक घरी लाडू फुटतात ते येथेच थांबल्यामुळे. मग तूप किंवा दूध घालून मिश्रण ओले केले जाते. तूप वाया जाते आणि दुधाने लाडू दोन दिवसांत आंबतो.

सर्व दाण्यांचा मात्र गोळा करू नये. दोन-तृतीयांश दाणे तेल सुटेपर्यंत कुटावेत व एक-तृतीयांश जाडसर भरडून नंतर मिसळावेत. त्यामुळे लाडू दाताखाली येतो व टाळूस चिकटत नाही.

दाणा पारखणे

गुळाच्या गोडीखाली हलका दाणा खपून जातो. येथे गूळ नसल्यामुळे लाडवाची चव सर्वस्वी दाण्यावर अवलंबून राहते. परंतु चवीपेक्षाही महत्त्वाचे कारण दुसरे आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीस बुरशी लागली होती असे आढळले. अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या या बुरशीने तयार होणाऱ्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर परिणाम करते, व थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. १९७४ साली गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील खेड्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने अनेकांस कावीळ होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथेही कारण हेच विष होते. भाजण्याने किंवा तळण्याने ते पुरते नाहीसे होत नाही, ही गोष्ट गृहिणींना आवर्जून सांगावयास हवी. ‘भाजले की सर्व दोष जातो’ ही समजूत येथे कामाची नाही.

सुदैवाने हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते बहुतांशी थोड्याशा खराब दाण्यांतच एकवटलेले असते, व असे दाणे पुष्कळदा डोळ्यांस दिसतात. सुरकुतलेले, काळपट वा पिवळट डागाचे, हिरवट बुरशीचे, किडीने पोखरलेले, अंकुरलेले व फुटके दाणे प्रथम निवडून काढावेत. दुसरी निवड भाजून साल काढल्यावर करावी. कारण सालीखाली दडलेला डाग तेव्हाच उघडा पडतो. म्हणून या लाडवांसाठी दाणे सालीसकट कुटू नयेत. मूठभर दाण्यांत एखादा कडू निघाला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा.

निवडून काढलेला दाणा गुरांस किंवा कोंबड्यांस घालण्याची चाल आहे. ती सोडली पाहिजे. दुभत्या जनावराने असा दाणा खाल्ल्यास विषाचा अंश दुधात उतरतो, आणि जे मुलांपासून दूर ठेवले ते दुधावाटे त्यांच्याच पोटात जाते. घाण्यावर त्याचे तेल काढणेही योग्य नव्हे. न गाळलेल्या तेलात विष उतरू शकते, आणि पेंडीत तर राहतेच. असे दाणे खोल पुरून टाकावेत.

खरे पाहता ही निवड शेतातच सुरू होते. शेवटच्या काळात पाण्याचा ताण पडलेले पीक, वाळवीने किंवा खुरप्याने टरफल फुटलेल्या शेंगा, आणि वळवाच्या पावसात भिजलेल्या उन्हाळी शेंगा यांवर बुरशी लवकर धरते. काढणीनंतर शेंगांतील ओलावा शेकडा आठपर्यंत उतरेतो त्या वाळवाव्यात. शेंग कानाशी हालविली असता दाणा खुळखुळावा व दाणा बोटांत चोळल्यास साल सुटावी, ही त्याची घरगुती खूण होय. शेंगा पोत्यात भरून थेट जमिनीवर ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवाव्यात. व दाणे लागतील तसेच फोडावेत, कारण टरफलातील दाणा अधिक टिकतो.

पहिला प्रकार : थोडा खजूर घालून

निवडलेले शेंगदाणे २५० ग्रॅम, पांढरे किंवा करडे तीळ १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, बी काढलेला खजूर १०० ग्रॅम, चार वेलदोड्यांची पूड, अर्धा चमचा सुंठ व चिमूटभर मीठ घ्यावे. वजनकाटा नसल्यास एकच लहान वाटी माप म्हणून घेऊन अडीच वाट्या दाणे, एक भरगच्च वाटी तीळ, एक वाटी कीस व बारा-तेरा खजूर हे प्रमाण जवळपास जमते.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दाणे पंधरा-वीस मिनिटे सतत हालवून भाजावेत. मोठ्या आचेवर साल करपते व आतला दाणा कच्चा राहतो. साल तडकू लागली आणि थंड केलेला एक दाणा कट्कन मोडला की कढई उतरावी. दाणे चोळून, सुपात पाखडून, दुसऱ्यांदा निवडावेत. तीळ वेगळे भाजावेत; ते तडतडू लागताच उतरावेत, अन्यथा कडू होतात. खोबऱ्याचा कीस शेवटी कढईच्या उष्णतेवरच परतावा.

खजूर उभा चिरून आतून पाहावा, कारण त्यात कीड असू शकते. मग त्याचे तुकडे करून कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटे गरम करावेत व कुटून लगदा करावा. खजूर पाण्यात भिजवू नये. निवडताना दाणे गार झाले असल्यास ते कढईत किंचित कोमट करून घ्यावेत व त्यांपैकी दोन-तृतीयांश उखळात तेल सुटेपर्यंत कुटावेत. मिक्सर असल्यास तो थोडा थोडा थांबवून फिरवावा. त्यात अर्धे तीळ कुटून, मग खजूर, भरडलेले दाणे, उरलेले तीळ व इतर जिन्नस मिसळावेत. कोमट असतानाच लिंबापेक्षा लहान, सुमारे १५ ग्रॅमचे लाडू दाबून वळावेत. वरील प्रमाणात सुमारे ३२ लाडू होतात.

अशा एका लाडवात खजुरातून येणारी साखर सुमारे दोन ग्रॅम असते. समभाग गूळ घालून केलेल्या तेवढ्याच वजनाच्या चिक्कीत ती पाच-सहा ग्रॅम भरते. मात्र एका लाडवात सुमारे ८० किलोकॅलरी उष्मांक असतात व प्रथिने अडीच ग्रॅमहून थोडी अधिक. साखर नाही म्हणून वाटेल तितके खावे, असा हा पदार्थ नव्हे. किरकोळ अंगाच्या, वाढत्या मुलास मात्र हाच गुण लाभदायक ठरतो. तिळात चुना भरपूर असतो, परंतु त्याचा बराच भाग सालीत अशा रूपात असतो की शरीर तो पूर्णपणे घेऊ शकत नाही. म्हणून तिळाचा लाडू दुधाऐवजी नव्हे, दुधाच्या जोडीने द्यावा.

दुसरा प्रकार : खजुराशिवाय

खजूर वगळून त्याऐवजी भाजून कुटलेले जवस २५ ग्रॅम घ्यावेत व दाण्यांपैकी तीन-चतुर्थांश भाग तेल सुटेपर्यंत कुटावा. चिमूटभर दालचिनी व वेलदोडा यांनी गोड नसतानाही गोडाचा भास होतो, आणि खोबऱ्याची व मंद भाजलेल्या दाण्यांची स्वतःची अल्प गोडी जाणवू लागते. प्रथम खाणाऱ्यास हा लाडू सपक वाटेल. घरातील इतरांनीही तोच खाल्ला तर मधुमेही माणसास वेगळे काढल्यासारखे वाटत नाही, व सवयही लवकर होते.

असा एक लाडू दोन जेवणांच्या मधल्या वेळी घेण्यास हरकत नसते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांस विचारावे. आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकास ठाऊक असली पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी कधी एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. त्या वेळी हे लाडू देऊ नयेत, कारण त्यांत साखर नसते व तेलामुळे पचनही सावकाश होते. माणूस शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पाच वर्षांखालील मुलांस अख्खे किंवा जाड भरडलेले दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांच्यासाठी सर्व दाणे बारीक कुटून लहान तुकडे द्यावेत. दाणे किंवा तीळ खाल्ल्याने कोणास अंगावर गांधी उठत असल्यास किंवा धाप लागत असल्यास त्याने हा पदार्थ पूर्णपणे टाळावा.

लाडू पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. हिवाळ्यात ते सुमारे पंधरा दिवस चांगले राहतात, उन्हाळ्यात आठवडाभर. दाण्यातील तेल हवेने व उजेडाने खवट होते. तसा वास येताच लाडू टाकून द्यावेत. २०२० साली प्रसारित झालेल्या गिरनार-४ व गिरनार-५ या भुईमुगाच्या जातींच्या तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असल्यामुळे त्यांचे दाणे खवट होण्यास अधिक काळ लागतो.

महिला बचत गटाने असे लाडू विक्रीसाठी करावयाचे ठरविल्यास प्रथम अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. वेष्टनावर ‘साखरमुक्त’ किंवा ‘शुगर फ्री’ असे छापू नये. २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असल्यास असा दावा करता येत नाही, आणि खुद्द शेंगदाण्यातच त्याहून अधिक नैसर्गिक साखर असते. पहिल्या प्रकाराच्या वेष्टनावर ‘शेंगदाणे, तीळ, खोबरे व खजूर यांचे लाडू’ असे लिहून घटकांची यादी, वजन व तयार केल्याची तारीख द्यावी. दुसऱ्या प्रकारात खजुराच्या जागी जवस लिहावे, व दोन्ही प्रकारांचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवावेत, म्हणजे मधुमेही गिऱ्हाइकाच्या हाती चुकून खजुराचा डबा जाणार नाही.