मालवाहतुकीचा खर्च आणि धूर

न्हावा-शेवा येथील बंदरात जहाजावरून उतरविलेली मालाची पेटी, जिला व्यापारी भाषेत कंटेनर म्हणतात, दिल्लीजवळच्या एखाद्या गोदामात न्यावयाची असेल, तर तिला सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास घडतो. तो मालमोटारीने करता येतो, तसा लोहमार्गानेही करता येतो. यांपैकी स्वस्त मार्ग कोणता आणि हवा कमी दूषित करणारा कोणता, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते बव्हंशी एकच आहेत. कारण जे इंधन जाळावे लागते, त्याचेच पैसे मोजावे लागतात आणि त्याचाच धूर होतो. मात्र येथे ‘बव्हंशी’ हा शब्द विसरून चालणार नाही. तसे नसते, तर जड माल रुळांवरून रस्त्यावर गेलाच नसता.

प्रथम इंधनाचा विचार करू. सपाट मार्गावर एक टन ओझे मंद गतीने ओढीत न्यावयाचे आहे, अशी वाचकाने कल्पना करावी. मालमोटारीच्या रबरी चाकांवर त्यासाठी सुमारे सहा ते दहा किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. पोलादी रुळावरील पोलादी चाकास एक ते दोन किलोग्रॅम पुरतात. याचे कारण असे, की रबरी धाव जमिनीला टेकते तेथे चेपते व पुढे गेल्यावर पुन्हा फुगते. या चेपण्या-फुगण्यात खर्ची पडणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दूरवरून आलेल्या मालमोटारीच्या टायरला हात लावून पाहिल्यास ही उष्णता सहज जाणवते. पोलाद जवळजवळ चेपतच नाही. चाकाचा रुळाला होणारा स्पर्श एखाद्या नाण्याएवढ्या जागेपुरताच असतो. शिवाय मालगाडीच्या वाघिणी एकमेकींच्या आडोशाने धावत असल्याने त्यांना वाऱ्याचा विरोधही कमी होतो. चढावर मात्र ही सवलत नाही. वजन उचलण्याचे श्रम रुळावर आणि रस्त्यावर सारखेच.

थांबण्याची किंमत याहून वेगळी, आणि ती फारशी कोणी मोजीत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ४० टनी मालमोटारीच्या अंगी जी गतिजन्य ऊर्जा असते, ती ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते आणि पुन्हा वेग घेताना नव्याने पुरवावी लागते. हिशेब केला तर अशा एका थांब्यामागे सुमारे एक-पंचमांश लिटर डिझेल जाते. चौकाचौकांत दहा वेळा थांबणारी मोटार या एका कारणाने दोन लिटर डिझेल नगरवासियांच्या नाकाशी जाळते.

दिल्लीचे दुःख नेमके हे होते. उत्तरेकडील अनेक राजमार्ग तेथे एकत्र येतात. त्यामुळे ज्या मालाचा त्या शहराशी काहीच संबंध नव्हता, तोही रात्रीच्या वेळी शहरातूनच पुढे जाई. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालमोटारींवर पर्यावरण-भरपाईचा आकार बसविला. हलक्या गाडीस ७०० व मोठीस १३०० रुपये असा तो दर त्याच वर्षी डिसेंबरात दुप्पट करण्यात आला. यातील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. धुराची किंमत तोवर श्वास घेणारे भरीत होते. ती प्रथमच, थोडी का होईना, भाड्याच्या हिशेबात आली. पुढे २०१८ साली पूर्वेकडील व पश्चिमेकडील बाह्यवळण मार्ग पूर्ण झाले आणि कुंडली व पलवल यांना दोन्ही बाजूंनी जोडणारे सुमारे २७० किलोमीटरचे कडे शहराभोवती पडले.

परंतु वळसा घातल्याने माल रुळावर येत नाही. १९५१ च्या सुमारास देशातील चार-पंचमांशाहून अधिक मालवाहतूक रेल्वे करीत असे. आज तो वाटा एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. इंधनाची एवढी बचत असताना असे का व्हावे? याचे उत्तर वेळेत आहे. एकाच मार्गावर प्रवासी गाड्या आणि मालगाड्या धावू लागल्या की मालगाडीने बाजूला उभे राहावयाचे, हा शिरस्ता. तिचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला. वेग कमी असणे एक वेळ परवडते. माल कोणत्या दिवशी पोचेल हे न कळणे परवडत नाही, कारण मग कारखानदारास गोदामात जादा साठा ठेवावा लागतो आणि त्यात त्याचे भांडवल अडकून पडते. व्यापाऱ्याने मोटार निवडली ती खुळेपणाने नव्हे.

यावर उपाय म्हणून केवळ मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचे ठरले व २००६ साली त्यासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. पश्चिमेकडील मार्गाची आखणी न्हावा-शेवा ते उत्तर प्रदेशातील दादरी अशी १५०६ किलोमीटरची आहे. त्यावरील विशेष योजना म्हणजे पेटीवर पेटी ठेवून नेण्याची. नेहमीच्या ४५ सपाट वाघिणींवर वीस फुटी ९० पेट्या मावतात. दोन थर रचले तर १८०. गाडीची लांबी तेवढीच, मार्गावर ती अडविते ती जागाही तेवढीच. अडचण होती ती विजेच्या तारेची. अशा गाडीची उंची ७.१ मीटरपर्यंत जाते, आणि एरवी तार असते साडेपाच मीटरच्या आसपास. येथे ती साडेसात मीटर उंचीवर नेण्यात आली. हरियाणात सोहन्याजवळ अरवलीच्या खडकातून सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदाही याच मापाने खोदावा लागला. दीड किलोमीटर लांबीची पहिली दुमजली विद्युत् मालगाडी ७ जानेवारी २०२१ रोजी राजस्थान-हरियाणात धावली आणि २०२४ च्या जानेवारीत नवीन रेवाडी ते नवीन खुर्जा हा १७३ किलोमीटरचा, बोगदा असलेला टप्पा खुला झाल्याने पश्चिमेचा मार्ग पूर्वेच्या मार्गास जोडला गेला.

वीज वापरली म्हणजे धूर नाहीसा झाला, असे मात्र मानू नये. दादरीलाच कोळशावर चालणारे मोठे औष्णिक विद्युत्केंद्र आहे. धुराचे ठिकाण बदलते. तो कमी होतो तो मुख्यत्वे ओढण्यास शक्ती कमी लागते म्हणून, आणि उताराला ब्रेक लावताना आधुनिक एंजिन काही वीज तारेत परत घालते म्हणून.

ज्यांना मोटार सोडवत नाही, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग निघाला आहे. भरलेली मोटारच वाघिणीवर चढवावयाची. महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे नाही. कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी ही सेवा सुरू केली. मूळचे कोकणातील सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१७ च्या मार्चमध्ये गुरुग्रामजवळील गढी हरसरू ते मुरादनगर असा त्याचाच प्रयोग दिल्लीसाठी झाला. पण अंतर अवघे १२७ किलोमीटरांचे. मोटार चढविण्या-उतरविण्याचा वेळ व खर्च अंतर कमी म्हणून कमी होत नाही. तो लांब पल्ल्यातच फिटतो. उत्तर गुजरातेतील पालनपूर ते रेवाडी या सुमारे ६३० किलोमीटरांच्या नव्या मार्गावर दुधाच्या टाक्या अशा रीतीने दिल्लीकडे येऊ लागल्या, तेव्हा पूर्वी तीस तासांच्या आसपास लागणारा प्रवास निम्म्याहून कमी वेळात होऊ लागला. दूध नासते, म्हणून तेथे वेळ म्हणजे पैसाही आणि मालही. परतताना मात्र त्या टाकीत दुसरे काही भरता येत नाही. ती रिकामीच जाते, आणि रिकाम्या फेरीचे भाडे भरलेल्या दुधावर पडते. साध्या पेटीचे तसे नाही. आयातीचा माल उतरवून घेतल्यावर हरियाणाचा तांदूळ भरून तिला बंदराकडे धाडता येते, फक्त दोन्ही व्यापाऱ्यांची गाठ वेळेवर पडावी लागते.

राहता राहिले दादरीपासून गोदामापर्यंतचे वीस-चाळीस किलोमीटर. तेथे रूळ जात नाहीत आणि बहुधा कधी जाणारही नाहीत. हे अंतर ठरलेले असते, मोटार रात्री ठाण्यावर परत येते, आणि थांबणे-निघणे वारंवार घडते. विजेऱ्यांवर चालणाऱ्या मालमोटारीस एरवी अडचणीच्या ठरणाऱ्या मर्यादा येथे फारशा आड येत नाहीत. तिची खरेदीची किंमत डिझेल मोटारीहून बरीच अधिक असली, तरी रोजच्या फेऱ्या जितक्या जास्त, तितका तो फरक लवकर भरून निघतो.